जागा कुणाची? : लागोसच्या इतिहासाची प्रस्तावना

२००६ साली नायजेरियाची जनगणना झाली, तेव्हा लागोस राज्याची लोकसंख्या सुमारे ९० लाख निघाली. लागोसच्या राज्य सरकारने त्याच सुमाराला स्वतःची वेगळी मोजणी केली होती. तिचा आकडा होता सुमारे १ कोटी ७५ लाख. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यावर ठाम राहिल्या आणि आजही आहेत. नायजेरियात केंद्राच्या तिजोरीतला वाटा आणि प्रतिनिधीगृहातल्या जागा लोकसंख्येच्या हिशेबाने ठरतात, म्हणून तिथे शिरगणती हा नेहमीच भांडणाचा विषय असतो. पण एखाद्या शहरातली माणसं जवळजवळ दुपटीच्या फरकाने मोजली जावीत, यामागे नुसतं राजकारण नाही. लागोसमध्ये कोण राहतो, कुणाला तिथलं म्हणायचं आणि कुणाच्या पायाखालची जमीन कुणाची, हे गेल्या दोन-अडीचशे वर्षांत एकदाही पक्कं ठरलेलं नाही.

हे पुस्तक त्या न ठरलेल्या गोष्टीबद्दल आहे. मोठ्या शहराचा इतिहास लिहायला घेतला की बंदर, रेल्वे, पूल, लोकसंख्येचे तक्ते यांची रांग आपोआप लागते. त्या सगळ्या गोष्टी इथे आहेत. मात्र लागोसची कागदपत्रं जितकी वाचत गेलो, तितकं एकच सूत्र वर येत राहिलं. हे शहर घरादाराला मुकलेल्या माणसांनी उभं केलं. कुणी पकडून विकलेले होते, कुणी लढाईत उठवले गेलेले, कुणी समुद्रापलीकडून परतलेले. आणि तेच शहर प्रत्येक पिढीत आपल्यातल्या कुणाला तरी पुन्हा उठवत आलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि पुस्तकातली सगळी प्रकरणं तिच्याभोवती रचली आहेत.

लागोस आधी बेटांवर वसलं. गिनीच्या आखातापासून वाळूच्या अरुंद पट्ट्यांनी तोडलेली एक लांबच लांब खाडी आहे. तिच्या मुखाशी इद्दो आणि लागोस ही बेटं, आणि पूर्वेला इकोयी आणि व्हिक्टोरिया बेट. योरुबा भाषकांपैकी आवोरी लोक मुख्य भूमीवरच्या इशेरीकडून खाली सरकत आधी इद्दोवर आले. परंपरा सांगते की त्यांचा म्होरक्या ओलोफिन, आणि त्याच्या मुलांमध्ये जमीन वाटली गेली. त्या मुलांचे वंशज ते इदेजो, म्हणजे पांढरी टोपी घालणारे जमीनधारक सरदार. लागोस बेटावर त्यांच्यापैकी एकाचा मिरचीचा मळा होता. त्या मळ्याच्या जागी पुढे राजवाडा झाला, आणि आजही ओबाच्या, म्हणजे राजाच्या, वाड्याचं नाव इगा इदुंगनरान, मिरचीच्या मळ्यातला वाडा, असंच आहे. पुढे पूर्वेकडच्या बेनिनच्या राज्याने या बेटावर आपला अंमल बसवला. राजघराणं आलं ते बेनिनच्या छत्राखाली. जमीन मात्र इदेजोंकडेच राहिली. राज्य एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, ही मांडणी वाचकाने नीट लक्षात ठेवावी. काही शतकांनंतर लंडनच्या न्यायाधीशांना नेमक्या याच मांडणीवर निकाल द्यावा लागला.

लोक या शहराला एको म्हणत आणि अजूनही म्हणतात. लागोस हे नाव पोर्तुगिजांनी दिलं. १४७२ साली रुई द सिक्वेरा या किनाऱ्याला लागला होता, पण त्यानंतर तीनशे वर्षं पोर्तुगिजांना इथे फारसं काम नव्हतं. ते पडलं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ओबा अकिनसेमोयिनच्या काळात, आणि ते काम माणसांच्या विक्रीचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आतल्या भागातलं ओयोचं साम्राज्य कोसळलं. योरुबा राज्यांत एकामागून एक युद्धं पेटली, आणि प्रत्येक लढाईतले कैदी किनाऱ्याकडे वाहू लागले. शेजारच्या विदा बंदराला मागे टाकत लागोस या किनाऱ्यावरचं गुलामांच्या व्यापाराचं मुख्य बंदर झालं. ब्राझीलमधल्या बाहियाची उसाची शेतं आणि क्यूबातले मळे इथून भरले गेले. वाड्याला पोर्तुगीज कौलं आणि फरश्या लागल्या, सरदारांकडे रेशीम, तंबाखू आणि बंदुका आल्या. शहराची पहिली श्रीमंती कशातून आली, हे सांगताना लागोसमधले कित्येक जण आवाज खाली करतात. मला वाटतं, ती गोष्ट मोठ्याने सांगायला हवी. कारण याच खाडीतून नेलेल्या माणसांची मुलं-नातवंडं पुढे परत आली आणि त्यांनीच शहराला आजचं रूप दिलं.

१८४५ मध्ये कोसोकोने आपला चुलता ओबा अकितोये याला हाकलून गादी बळकावली. अकितोयेने बदाग्रीत आसरा घेतला आणि ब्रिटिशांना कळवलं की गादी परत मिळवून दिलीत तर गुलामांचा व्यापार बंद करीन. १८५१ च्या डिसेंबरअखेर ब्रिटिश आरमाराने लागोसवर तोफा डागल्या. शहराचा मोठा भाग जळाला, कोसोको एपेकडे पळाला आणि १ जानेवारी १८५२ रोजी अकितोयेने तहावर सही केली. ब्रिटिशांचा गुलामीविरोध खोटा नव्हता, पण मँचेस्टर-लिव्हरपूलच्या कारखान्यांना ताडाचं तेल हवं होतं हेही तितकंच खरं. साबणाला ते तेल, यंत्रांच्या वंगणाला ते तेल. दहा वर्षांनी ओबा दोसुनमूला प्रोमिथियस या युद्धनौकेच्या तोफांसमोर बसवून ६ ऑगस्ट १८६१ रोजी लागोस ब्रिटिश राणीच्या नावे लिहून घेतलं गेलं. मोबदला ठरला वर्षाला १,२०० पोती कवड्या. एका पोत्यात वीस हजार कवड्या धरल्या जात. म्हणजे एक शहर गेलं ते वर्षाला २ कोटी ४० लाख कवड्यांवर. या कवड्या बव्हंशी हिंदी महासागरातल्याच; त्या काळी झांजिबारहून जहाजं भरून लागोसला उतरत होत्या. पांढऱ्या टोपीवाल्या सरदारांचं म्हणणं सरळ होतं: ओबाने आपलं राज्य दिलं असेल, आमची जमीन त्याची नव्हतीच, ती तो देणार कशी? हे म्हणणं तेव्हा कुणी ऐकलं नाही.

पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण परतलेल्यांवर आहे. ते लांबलं याचं मला वाईट वाटत नाही. ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची जहाजं अडवून त्यातल्या माणसांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवत असे. तिथे शिकून, व्यापार करून जे पुन्हा लागोसला आले त्यांना सारो म्हणत. ब्राझील आणि क्यूबातून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेऊन किंवा मिळवून जे आले, ते आगुदा. सारो कारकून, पाद्री, वकील, छापखानेवाले झाले. १८५९ साली चर्च मिशनरी सोसायटीची ग्रामर स्कूल त्यांच्याचपैकी थॉमस बॅबिंग्टन मॅकॉलेने सुरू केली, आणि १८६३ साली लागोसमध्ये पहिलं वर्तमानपत्र निघालं. आगुदा सुतार, गवंडी, शिंपी, बेकरीवाले. पोपो आगुदा, म्हणजे ब्राझिलियन मोहल्ला, त्यांनी वसवला. दुमजली घरं, कमानीच्या खिडक्या, चुनागच्चीत कोरलेली फुलं आणि रंगीत भिंती हे सगळं बाहियाहून हातांत आलेलं कसब होतं. गुड फ्रायडेला या मोहल्ल्यातल्या घरांत फ्रेजोन शिजतं. घेवड्याच्या दाण्यांसारखे दाणे मऊ शिजवून, वाटून, नारळाच्या दुधात घट्ट आटवतात आणि माशाबरोबर खातात. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून राबलेल्या आजीकडून आलेली ही रीत दीडशे वर्षांनंतरही मोडलेली नाही.

ककावा स्ट्रीटवर या मोहल्ल्यातलं एक घर आहे, त्याला वॉटर हाउस म्हणतात. ते बांधणारा जोआंव एसान दा रोशा लहानपणी पकडला जाऊन बाहियाला विकला गेला होता. सुटून बायकोमुलांसह परतला आणि त्याने इथे घर बांधलं, विहीर खणली. त्या विहिरीचं पाणी विकलं जाई. खाऱ्या खाडीच्या बेटावर गोड पाणी म्हणजे रोकड होती. सरकारी नळ इजूच्या पाणीपुरवठा केंद्रातून १९१५ मध्ये आले, आणि त्याच्या कित्येक वर्षं आधी, १९०८ मध्ये, पाणीपट्टीच्या प्रस्तावावर लागोसच्या लोकांनी मोर्चे काढले होते. त्यांचं म्हणणं, नळ हवेत ते गोऱ्या अधिकाऱ्यांना, आमच्या विहिरी आहेत, मग पट्टी आम्ही का भरायची?

या काळातली एक घटना मला फार बोलकी वाटते. ४ जुलै १८९४ रोजी शिट्टा बे मशिदीचं उद्घाटन झालं. पैसा मोहम्मद शिट्टा या सारो मुसलमान व्यापाऱ्याचा, जन्म सिएरा लिओनचा. बांधकाम जोआंव बाप्टिस्टा दा कोस्टा या ब्राझीलहून आलेल्या कारागिराचं. समारंभाला अध्यक्ष ब्रिटिश गव्हर्नर गिल्बर्ट कार्टर. आणि ऑटोमन सुलतानाचा प्रतिनिधी म्हणून लिव्हरपूलचा अब्दुल्ला क्विलियम, इस्लाम स्वीकारलेला इंग्रज वकील. त्याने सुलतानाच्या वतीने शिट्टाला ‘बे’ हा किताब दिला. कॅथलिक चर्चं बांधणाऱ्या ब्राझिलियन गवंड्यांचा हात या मशिदीच्या नक्षीत स्पष्ट दिसतो. जगातल्या फार थोड्या गल्ल्यांत इतक्या दूरदूरचे रस्ते येऊन मिळाले असतील.

या परतलेल्यांतला सर्वांत प्रसिद्ध माणूस सॅम्युअल आजायी क्राउदर. १८२१ साली त्याचं गाव लुटलं गेलं, तो लहान वयात अनेक हातांतून विकला जात लागोसला पोहोचला आणि १८२२ मध्ये इथूनच पोर्तुगीज जहाजावर चढवला गेला. ब्रिटिशांनी जहाज अडवलं, तो फ्रीटाउनला शिकला, बायबलच्या योरुबा भाषांतराचा कणा झाला आणि १८६४ मध्ये बिशप. ग्रामर स्कूलचा मॅकॉले हा त्याचा जावई. त्याच १८६४ मध्ये जन्मलेला त्याचा नातू म्हणजे हर्बर्ट मॅकॉले. आजोबा ज्या किनाऱ्यावरून विकला गेला, त्या किनाऱ्याच्या जमिनीसाठी नातू लंडनपर्यंत लढला. ही लढाई या पुस्तकाच्या मध्यभागी आहे.

हर्बर्ट मॅकॉले इंग्लंडमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकून आला आणि सरकारच्या जमीन मोजणी खात्यात लागला. ‘राणीची जमीन’ या नावाखाली काय काय मोजलं जातं आहे, हे त्याने आतून पाहिलं. १८९८ मध्ये नोकरी सोडून खासगी मोजणीदार झाला, वर्तमानपत्रांत लिहू लागला. त्याची मिशी, त्याचा बो टाय आणि त्याची लेखणी शहरभर ओळखीची झाली. तो निर्दोष माणूस नव्हता, दोनदा तुरुंगातही जाऊन आला, आणि त्याच्यावरचे काही आक्षेप मला गंभीर वाटतात. तरीही जमिनीच्या प्रश्नावर त्याची पकड कुणाहीपेक्षा घट्ट होती. १९१३ साली सरकारने आपापातली जमीन रेल्वे आणि बंदरासाठी घेतली. ती पांढऱ्या टोपीवाले सरदार ओलुवा, म्हणजे आमोदू तिजानी, यांच्या घराण्याची. सरकारचं म्हणणं, सरदाराला फक्त मानाचा हक्क, मालकीचा नव्हे, म्हणून भरपाई नाममात्र. खालच्या कोर्टांनी ते मानलं. ओलुवाने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केलं आणि १९२० मध्ये मॅकॉले त्याच्याबरोबर गेला. जाताना ओबा एशुग्बायी एलेकोने आपली राजदंडाची काठी त्याच्या हाती दिली होती. १९२१ च्या निकालात लॉर्ड हाल्डेन यांनी सांगितलं की १८६१ च्या तहाने राज्य बदललं, पण जमिनीवरचे समाजाचे हक्क संपले नाहीत. युरोपातल्या खासगी मालकीच्या चौकटीत आफ्रिकेतली सामूहिक मालकी कोंबू नये. ओलुवाला २२,५०० पौंड भरपाई मिळाली.

या निकालाचे परिणाम लागोसपुरते राहिले नाहीत. पुढची कित्येक दशकं, आफ्रिकेत आणि आफ्रिकेबाहेरही, मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या दाव्यांत तो पुन्हा पुन्हा पुढे केला गेला. एलेकोला मात्र काठी दिल्याची किंमत मोजावी लागली. मॅकॉलेने लंडनच्या वर्तमानपत्रांत एलेकोबद्दल केलेल्या विधानांचं जाहीर खंडन करायला सरकारने सांगितलं, एलेकोने नकार दिला. त्याचा तनखा बंद झाला आणि १९२५ मध्ये त्याला पदावरून काढून ओयोला हद्दपार केलं गेलं. तोही खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९३१ मध्ये तो परत आला. १९२३ मध्ये स्थापन झालेला मॅकॉलेचा पक्ष लागोसच्या बाजारपेठेतल्या बायका आणि मशिदींतल्या जमाती यांच्या बळावर उभा होता. नायजेरियाच्या स्वातंत्र्याचं राजकारण भाषणांपेक्षा अशा सातबाऱ्याच्या भांडणांतून सुरू झालं, असं माझं मत आहे.

बंदर आणि रेल्वेची हकिगत तुलनेने सरळ आहे. १८९६ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं, १९०१ मध्ये गाडी इबादानला पोहोचली, त्याच वर्षी इद्दो आणि लागोस बेट जोडणारा कार्टर पूल झाला, आणि १९१२ पर्यंत रूळ उत्तरेला कानोपर्यंत गेले. उत्तरेचा भुईमूग, पश्चिमेचा कोको, सगळं लागोसकडे उतरू लागलं. अडचण होती खाडीच्या मुखाशी. तिथला वाळूचा बांध मोठ्या जहाजांना आत येऊ देत नसे. माल छोट्या बोटींतून फोर्कादोसला नेऊन जहाजांवर चढवावा लागे. मग अबेओकुताजवळच्या खाणीतला दगड रेल्वेने आणून मुखाच्या दोन्ही बाजूंना समुद्रात लांब भिंती घातल्या गेल्या आणि १९१४ च्या सुमाराला मोठी जहाजं आत आली. पण किनाऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेला वाहत जाणारी वाळू त्या भिंतींशी अडली. पूर्वेच्या किनाऱ्याला ती मिळेनाशी झाली आणि व्हिक्टोरिया बेटाचा बार बीच दर वर्षी थोडा थोडा समुद्रात जात राहिला. आज तिथे एको अटलांटिक नावाचं नवं शहर भरावावर उभं राहतं आहे, सुमारे १० चौरस किलोमीटरचं, साडेआठ किलोमीटर लांब दगडी भिंतीच्या आड. शंभर वर्षांपूर्वीच्या भिंतींनी खाल्लेली जमीन नव्या भिंतीने परत मिळवायची, आणि ती ज्यांना परवडेल त्यांना विकायची. भिंतीच्या पूर्वेला असलेल्या किनाऱ्यावरच्या गावांना आता समुद्र आपल्या अंगावर येईल अशी भीती आहे, आणि मागचा अनुभव पाहता ती भीती मला रास्त वाटते.

१९२४ मध्ये लागोसमध्ये प्लेगची साथ आली. १८९६ मध्ये मुंबईत पोहोचलेली जी जागतिक साथ, तीच हळूहळू इथवर आली होती. मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्याचं काम सुरू झालं. लागोसमध्ये त्याच धर्तीचं काम १९२८ मध्ये लागोस एक्झिक्युटिव्ह डेव्हलपमेंट बोर्डाकडे आलं. उंदीर, अंधाऱ्या खोल्या आणि गरीब भाडेकरू यांना एकाच यादीत घालणारं हे आरोग्याचं राजकारण मराठी वाचकाला नवं नाही. १९५५ मध्ये, स्वातंत्र्य जवळ आलं असताना, याच बोर्डाने लागोस बेटाच्या मध्यभागातली सुमारे ७० एकर वस्ती पाडण्याची योजना आणली. नव्या देशाची राजधानी देखणी दिसायला हवी, असा हेतू. कुटुंबं मुख्य भूमीवर सुरुलेरेला पाठवली गेली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर मॅरिस याने या विस्थापितांचा अभ्यास करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं की नवी घरं हवेशीर होती, पण वाड्यात एकत्र राहणारे भाऊ-बहिणी-आत्या विखुरल्या. दारात बसून कापड, मिरची, मासे विकणाऱ्या बायकांची गिऱ्हाइकं गेली. बसचं भाडं परवडेना म्हणून म्हाताऱ्या आईकडे जाणं कमी झालं. शहर सुधारण्याची कल्पना कागदावर किती स्वच्छ असते आणि तिची किंमत कुणाच्या चुलीला लागते, याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे क्वचितच वाचलं आहे.

स्वातंत्र्य आलं १ ऑक्टोबर १९६० रोजी, इथल्याच रेसकोर्सच्या मैदानावर. त्यानंतरची वाढ आकड्यांत पकडणं कठीण आहे. १८६० च्या दशकात पंचवीस हजारांच्या आसपास असलेलं गाव १९३१ मध्ये सव्वा लाखाचं झालं होतं आणि १९६३ मध्ये नगरपालिकेच्या हद्दीतच साडेसहा लाखांवर गेलं. मग १९६७ ते १९७० चं यादवी युद्ध आणि त्यामागोमाग तेलाचा पैसा. १९७५ मध्ये लष्करी सरकारने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवून ठेवलं, बंदराच्या ताकदीच्या कितीतरी पट. शेकडो जहाजं बंदराबाहेर महिनोन् महिने उभी राहिली, सिमेंट गोठलं, आणि वाट पाहण्याचं भाडं सरकार भरत बसलं. १९७७ मध्ये जगभरच्या कृष्णवर्णीयांचा कला महोत्सव, फेस्टॅक, इथे भरला, त्यासाठी इगान्मूला राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं गेलं. तो संपून आठवडा होत नाही तोच, १८ फेब्रुवारीला, सैनिकांनी गायक फेला कुटीचं घर जाळलं. एकाच शहराने एकाच महिन्यात या दोन्ही गोष्टी पाहिल्या.

राजधानी १९९१ च्या डिसेंबरमध्ये अबुजाला गेली. लोक मात्र लागोसलाच येत राहिले. १९९० मध्ये पुरा झालेला सुमारे ११.८ किलोमीटरचा थर्ड मेनलँड ब्रिज सकाळी गाड्यांनी तुंबलेला असतो. पिवळ्या रंगाच्या, काळे पट्टे मारलेल्या दान्फो गाड्या दार उघडं ठेवूनच धावतात. कंडक्टर दाराला लटकून ‘ओशोदी, ओशोदी’ असा पुकारा करतो, चढताना सुटे आहेत का विचारतो, आणि उतरायचं असेल त्याने आतून ‘ओवा’ म्हणून ओरडायचं. थांब्याथांब्यावर आगबेरो उभे असतात, गाडीमागे वसुली करणारे. लहान गल्ल्यांतून केके धावते. ती आपली रिक्षाच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्करी गव्हर्नर बुबा मारवा याने आणली म्हणून तिला केके मारवा म्हणू लागले. या केके आणि ओकादा म्हणवणाऱ्या भाड्याच्या मोटारसायकली यांच्यात पुण्याच्या बजाजचा वाटा फार मोठा आहे. लोकल रेल्वेचा विचार लातीफ जाकांदे या मुख्यमंत्रिपदाच्या तोडीच्या लोकनियुक्त गव्हर्नरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. लष्कराने सत्ता घेतली आणि योजना रद्द केली. लागोसची ब्लू लाइन धावली ती २०२३ मध्ये, मरिना ते माइल टू, १३ किलोमीटर. चाळीस वर्षांचा हा उशीर रोज चार-चार तास रस्त्यात घालवणाऱ्या माणसांनी भरून दिला, आणि त्याबद्दल माझ्या मनात राग आहे. तो या पुस्तकात मी लपवलेला नाही.

जमिनीचा कायदा १९७८ मध्ये बदलला. लँड यूज अॅक्टने प्रत्येक राज्यातली जमीन गव्हर्नरच्या ताब्यात दिली. इदेजो घराणी आपला हक्क सोडायला तयार नाहीत, सरकार परवाना दिल्याशिवाय व्यवहार मानत नाही. या दोहोंच्या फटीत ओमो ओनिले जन्मले. म्हणजे जमीनमालकाची मुलं म्हणवणारी टोळकी. पाया खणला की पैसे, भिंत उठली की पैसे, स्लॅब पडला की पैसे. एकच प्लॉट तीन जणांना विकल्याच्या तक्रारी नेहमीच्या. २०१६ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. लागोसच्या कुठल्याही उपनगरात चालत गेलात तर घरांच्या कुंपणाच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं दिसेल, ‘धिस हाउस इज नॉट फॉर सेल’. घरमालक गावाला गेलेला असताना कुणी घर विकू नये म्हणून ही सोय. अशी शेकडो घरं आहेत. मला ती वाक्यं शहराच्या कुठल्याही सनदेपेक्षा खरी वाटतात.

जुन्या वास्तूंनाही यातून सुटका नाही. तिनुबू चौकातलं इलोजो बार हे ब्राझिलियन पद्धतीचं घर १९५६ पासून राष्ट्रीय स्मारक होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये ते पाडलं गेलं.

आणि माणसं. व्हिक्टोरिया बेटाजवळच्या मारोको वस्तीतून जुलै १९९० मध्ये सुमारे तीन लाख लोक काही दिवसांच्या मुदतीत उठवले गेले. आज तिथल्या जमिनीवर श्रीमंतांच्या वसाहती आहेत. माकोको ही खाडीच्या पाण्यात खांबांवर उभी असलेली वस्ती. एगुन मच्छीमारांनी ती वसवली. मासे धुरावून वाळवण्याचा बायकांचा धंदा तिथून सगळ्या शहराला पुरवठा करतो, आणि मुलं पोहण्याआधी वल्हं मारायला शिकतात. जुलै २०१२ मध्ये ७२ तासांची नोटीस देऊन सरकारी माणसांनी खांब तोडले. पोलिसांच्या गोळीने तिथला एक वस्तीप्रमुख मारला गेल्यावर काम थांबलं. थर्ड मेनलँड ब्रिजवरून जाताना ही वस्ती धुरात दिसते, आणि बरेच प्रवासी तिला शहराची लाज समजून नजर वळवतात. लागोसला रोज मासे कोण खाऊ घालतं, हे त्यांना ठाऊक नसावं.

पुस्तक कालक्रमाने जातं, पण प्रत्येक भागाच्या शेवटी एक जागा निवडून तिची हकिगत सलग दिली आहे: वाडा, ककावा स्ट्रीट, आपापाचं बंदर, सुरुलेरे, मारोको. ज्यांना आकडे आणि तहांची कलमं नकोत त्यांनी ही पाच टिपणं आधी वाचली तरी चालेल. योरुबा नावांचे उच्चार देवनागरीत शक्य तितके जवळ ठेवले आहेत. योरुबात सुरांनी अर्थ बदलतो, तो फरक आपल्या लिपीत येत नाही, एवढं वाचकाने सांभाळून घ्यावं.

शेवटचं प्रकरण ओतोदो ग्बामेवर आहे. लेक्कीच्या बाजूला खाडीकाठची ही मच्छीमारांची जुनी वस्ती. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या काळात ती जाळून, पाडून रिकामी केली गेली आणि सुमारे तीस हजार लोक बेघर झाले. रहिवासी कोर्टात गेले. जून २०१७ मध्ये लागोसच्या उच्च न्यायालयाने असं उठवणं राज्यघटनेच्या विरुद्ध आणि अमानुष ठरवलं, आणि पुनर्वसनाबद्दल लोकांशी बोलण्याचा आदेश सरकारला दिला. आमोदू तिजानींच्या निकालाला तेव्हा ९६ वर्षं झाली होती. ओलुवाच्या घराण्याकडे भरपाई पोहोचली होती. ओतोदो ग्बामेच्या लोकांना ती जागा परत मिळालेली नाही, आणि त्यांतले बरेच जण खाडीकाठच्या दुसऱ्या वस्त्यांत, नातलगांच्या घरी आणि होड्यांत राहू लागले.